फादर, शिबिराच्या त्या चार रात्री मुलांना परत द्या

आमच्या धर्मग्रामाचे आदरणीय प्रमुख धर्मगुरू, साहाय्यक धर्मगुरू आणि पॅरिश कौन्सिलचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तामध्ये सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सूचना वाचल्या गेल्या. पहिली सूचना मे महिन्यातल्या वाडीवाडीच्या जपमाळेची. दुसरी पार्किंगची. तिसरी अशी, की यंदा किशोरवयीन मुलांचं ५ दिवसांचं निवासी उन्हाळी शिबिर होणार नाही, त्याऐवजी चर्चच्या हॉलमध्ये एक दिवसाची व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा होईल, नावं ऑफिसात द्यावीत. लगेच चौथी सूचना सुरू झाली. माझा १४ वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर जाऊन सायकलला टेकून उभा राहिला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हे पत्र मी बंद पाकिटातून ऑफिसात देऊ शकले असते. पण निर्णय सगळ्या गावासमोर वाचला गेला, तेव्हा माझं म्हणणंही गावाने वाचावं असं मला वाटतं. कुणाला दुखवायचं माझ्या मनात नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मी जेवले आहे. कौन्सिलमधले दोघं तर १९९४ साली माझ्याबरोबर याच शिबिरात होते.

तेव्हा मी १४ वर्षांची होते. सुरूच्या बनातली ती शेड कौलारू होती, पंखे नव्हते. आम्ही मुली शेडमध्ये झोपायचो आणि मुलगे शाळेच्या वर्गांत. आमचं घर ९ माणसांचं. पहाटे मोगरा खुडायचा, पाट्या भरायच्या, फुलं दादरला रवाना झाली की शाळा. घरात माझ्यावर माया सगळ्यांची होती, पण 'तुला काय वाटतं?' असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायला वेळच नव्हता. शिबिरातल्या गटचर्चेत एका सिस्टरने ते विचारलं आणि उत्तरासाठी ती थांबली. पहिल्या दिवशी मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तोंडातून दोन वाक्यं निघाली. काय बोलले ते आता आठवत नाही, ती थांबली होती एवढं आठवतं. गेली ११ वर्षं मी त्याच शिबिराच्या स्वयंपाकघरात राबते आहे, त्याचं मूळ त्या थांबण्यात आहे.

आता माझ्या मुलाबद्दल. हे लिहायला मी त्याची परवानगी घेतली आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे यजमान कोरोनाने गेले. मुलगा ९ वर्षांचा होता. त्याला वडिलांच्या मातीला नेता आलं नाही. त्यानंतर ४ वर्षं त्याने वडिलांचं नाव काढलं नाही. शाळेतल्या बाईंनी प्रयत्न केला, समुपदेशकांकडे नेलं, फादर, तुम्हीही घरी येऊन त्याच्याशी बोललात. तो हो-नाही एवढंच म्हणायचा. २०२५ च्या मेमध्ये तो पहिल्यांदा शिबिराला आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या गटाकडे स्वयंपाकघराची पाळी होती आणि बांगडे साफ करायचे होते. आमच्या बागायतीतल्या पोराला मासा खायला येतो, साफ करायला येत नाही. किल्ल्याकडच्या कोळीवाड्यातला एक मुलगा त्याला शिकवत होता: कल्ल्यात बोट घाल, असं ओढ, आता पाण्यात बुडव. शिकवता शिकवता त्याने सहज विचारलं, तुझे पप्पा काय करतात?

माझा मुलगा म्हणाला, "माझे पप्पा नाहीत. कोरोनात गेले."

मी त्यांच्याकडे पाठ करून खोवणीवर नारळ खोवत होते. हात थांबवला असता तर त्याला कळलं असतं की आई ऐकते आहे. म्हणून मी खोवतच राहिले, करवंटी लागली तरी. त्या कोळ्याच्या पोराने सांत्वनाचं काही म्हटलं नाही. पुढचा बांगडा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "कितवीत होतास?" मग दोघं बोलत राहिले. पाटी रिकामी होईपर्यंत.

फादर, ते शिबिराच्या तिसऱ्या दिवशी घडलं. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. पहिल्या दिवशी मुलं एकमेकांना परकी असतात. दुसऱ्या दिवशी कंटाळतात, भांडतात, घरी जायचं म्हणतात. तिसऱ्या दिवशी कुठेतरी काहीतरी सैल होतं. एक दिवसाच्या कार्यशाळेला तिसरा दिवस नसतो आणि रात्र तर एकही नसते.

माझी पहिली तक्रार ही, की ज्यांचं शिबिर त्यांना कुणी विचारलं नाही. आठवी ते बारावीच्या एकाही मुलाला किंवा मुलीला कौन्सिलच्या बैठकीत बोलावलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या ॲनिमेटरना, म्हणजे शिबिरात मुलांना सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांनाही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये जगभरच्या बिशपांची सभा खास तरुणांच्या विषयावर भरली. त्यानंतर २०१९ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून जे लिहिलं, त्यात तरुणांमधल्या कार्याचे कर्ते तरुण स्वतःच असले पाहिजेत असं स्पष्ट सांगितलं आहे. ॲनिमेटरच्या प्रशिक्षणात हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो अकुतिसला संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा आपल्या चर्चमध्ये त्याची तसबीर लागली. जीन्स आणि बूट घातलेला मुलगा. वयाच्या १५ व्या वर्षी तो गेला. त्या वयाच्या मुलाला वेदीजवळ जागा मिळते, तर त्याच वयाच्या आपल्या मुलांना बैठकीत एक खुर्ची मिळायला हवी होती.

दुसरी तक्रार कार्यशाळेला शिबिराची जागा देण्याबद्दल. मुंबईहून वक्ते येतील, चांगलं बोलतील, पडद्यावर चित्रं दाखवतील, संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळतील. ते करा, माझा विरोध नाही. पण आपली मुलं वर्षभर तेच तर करतात! शाळेत बसून ऐकतात, क्लासमध्ये बसून ऐकतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात बसून ऐकतात आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये बघतात.

मोबाइलवरून आठवलं. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी सगळे मोबाइल जमा होतात. त्यासाठी जुन्या चादरींच्या पिशव्या मी शिवते, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. पहिल्या रात्री जेवताना मुलांचे हात सारखे खिशाकडे जातात. खिसा रिकामा लागला की हात मांडीवर येतो, पुन्हा जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ते निघतात, लगोरी निघते. चौथ्या दिवशी एका मुलीला मी म्हटलं, घरी फोन करायचाय का, पिशवी देऊ? ती म्हणाली, "राहू दे आंटी, उद्या जायचंच आहे." त्या स्वरात उद्या जायचंय याचं वाईट वाटणं होतं.

२०२५ चं शिबिर चालू असतानाच, १३ मे ला, दहावीचा निकाल लागला. दुपारी १ वाजता ॲनिमेटरनी दहावीच्या मुलांना मोबाइल दिले. ओरडाआरडा झाला, मिठ्या झाल्या, कुणीतरी सुक्या केळ्यांचं पाकीट फोडलं. एक मुलगा मात्र उठून सुरूच्या झाडांत गेला. गणित गेलं होतं. त्या दिवशी तो घरी असता तर? आई-वडील दोघं कामावर, दार आतून बंद, आणि शेजाऱ्यांचे फोन. निकालाच्या दिवशी घरात एकटं बसलेलं मूल म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे त्याच्या मागे आधी दोन मुलं गेली, मग फादर गेले. अर्ध्या तासाने चौघं परत आले आणि त्याने ताट वाढून घेतलं.

शेवटच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे वाळूवर निखारे पेटवले, त्यावर मासे भाजले आणि योहानाच्या शुभवर्तमानातला २१ वा अध्याय वाचला. रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेले शिष्य, किनाऱ्यावर उभा असलेला येशू, आणि त्याने आधीच पेटवून ठेवलेले कोळसे. फादरांनी मुलांना विचारलं, कोळशाची शेकोटी याआधी कुठे आली होती? एका मुलीने सांगितलं, मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे शेकणाऱ्या पेत्राने येशूला नाकारलं. तसल्याच शेकोटीपाशी येशू त्याला पुन्हा बसवतो, आधी न्याहारी देतो आणि मग विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? तीनदा. 'तू असं का केलंस' हे एकदाही विचारत नाही. तेव्हा तो गणितात नापास झालेला मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "माझं मॅथ्स गेलंय, घरी अजून सांगितलं नाही. आज सांगणार." मी धर्मशिक्षणाची पुस्तकं वाचली आहेत, प्रवचनं ऐकली आहेत. क्षमा म्हणजे काय हे मला त्या पहाटे, डोळ्यांत धूर जात असताना, जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं. मुलांना किती कळलं ते देव जाणे, पण ती तिथे होती.

शिबिराला गेलेलं प्रत्येक पोर सुधारतं असं मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी दुसऱ्याच दिवशी रडून घरी गेली आणि परत आली नाही. तिला काय खुपलं हे आम्ही नीट विचारलं नाही, ती आमची चूक. काही मुलं परत जाऊन चार रविवार मिस्साला येतात आणि पाचव्या रविवारी येत नाहीत. तरीही आज गीतमंडळात जी तरुण मुलं उभी आहेत, सणाच्या दिवशी खुर्च्या लावणारी, आजाऱ्यांकडे जाणारी, त्यांना विचारून पाहा. बहुतेकांची सुरुवात शिबिरातली आहे.

आणखी एक गोष्ट कौन्सिलने हिशेबात धरली नाही. आपल्या वसईच्या ख्रिस्ती लोकांतही समाज वेगवेगळे: कुपारी कुपारींत, वाडवळ वाडवळांत आणि कोळी कोळ्यांत राहतात. एका वेदीसमोर गुडघे टेकतो, पण लग्नं, जेवणं, थट्टामस्करी आपापल्यात. शिबिराला आसपासच्या चार-पाच पॅरिशमधली मुलं येतात, तलासरीकडच्या वसतिगृहातली आदिवासी मुलंही येतात. त्यातल्या एका वारली मुलीने गेल्या वर्षी शेडच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच काढला. ते चित्र अजून तिथे आहे, जाऊन बघा. आपल्या मुलींनी त्या रात्री तिच्याकडून पावलं शिकून घेतली. ही ओळख एरवी कुठे होणार?

बावखलांचंही, म्हणजे आपल्या गावांतल्या जुन्या तळ्यांचंही तेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ ला गेले, तेव्हा आपण सगळे रडलो. हरित वसईसाठी, म्हणजे इथली हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात, त्यांनी काय सोसलं हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. आजच्या १५ वर्षांच्या मुलाला बावखल म्हणजे कचरा टाकायचा खड्डा वाटतो, कारण त्याने कधी त्यात पाय घातलेला नाही. शिबिरात एक सकाळ बावखल साफ करण्यात जाते. गाळ उपसताना मुलांना कळतं की पावसाचं पाणी इथे मुरतं म्हणून घरची विहीर गोडी आहे.

बैठकीत कुणीतरी 'शिबिराचं फॅड' असा शब्द वापरल्याचं कानावर आलं. हे फॅड जुनं आहे. संत जॉन बोस्को १९ व्या शतकात तुरीनच्या पोरांना घेऊन, वाजतगाजत, दिवसच्या दिवस खेडोपाडी पायी हिंडायचे आणि मिळेल त्या ठिकाणी त्यांच्यासह मुक्काम करायचे. अमेरिकेत वायएमसीएच्या समनर डडली यांनी १८८५ साली काही मुलांना तळ्याकाठी तंबूत नेलं, ते शिबिर अजून दर उन्हाळ्यात भरतं. आणि स्वतः येशूने दमलेल्या शिष्यांना म्हटलं होतं, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घेऊ.

आता तुम्ही दिलेल्या कारणांकडे येते. सूचनेत कारणं नव्हती, मी दोन सभासदांना भेटून विचारली.

सुरक्षेची काळजी खरी आहे, ती मी पूर्ण मान्य करते. समुद्र जवळ आहे. आपल्या किनाऱ्यांवर बाहेरून आलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रश्न चर्चने कुठेही झाकून ठेवता कामा नये. पण धोका आहे म्हणून शिबिर बंद करणं हे माझ्या बुद्धीला पटत नाही. नियम करा. पोहायला पूर्ण बंदी आणि पाण्याजवळ जाताना गावातले पट्टीचे पोहणारे सोबत. मुला-मुलींची झोपण्याची व्यवस्था वेगळ्या इमारतींत, रात्री प्रत्येक ठिकाणी दोन जबाबदार मोठी माणसं, मुलींकडे बायकाच. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याने बंद खोलीत भेटायचं नाही, मग तो धर्मगुरू असो की ॲनिमेटर. सेवा करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तक्रार आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवा आणि मुलांनाही सांगा की कुणाकडे बोलायचं.

क्लासचं कारण मला कमी पटतं. नीटची परीक्षा मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास होऊन जाते. अकरावीच्या मुलांचे क्लास मेमध्ये चालू असतात हे खरं, पण ५ दिवसांनी कुणाचं डॉक्टर होणं अडत नाही. माझी मुलगी यंदा बारावीत जाते आहे, मी तिला पाठवणार होते.

आणि पैसे. इथे मला मन मोठं करून एक गोष्ट विचारायची आहे. मेमध्ये लग्नसराई असते, सुरूच्या बनातली शेड आणि अंगण लग्नांना भाड्याने दिलं जातं, आणि यंदा शिबिराच्या तारखाही त्यात गेल्या आहेत असं कळतं. भाडं लागतं हे मी समजू शकते, छपराचं काम काढायचं आहे. पण ती जागा आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने मुलांसाठी दिली, हे त्या शेडवरच्या पाटीवरच लिहिलेलं आहे. तसं असेल तर ते सूचनेत सांगायला हवं होतं. आम्ही वाडीवाडीतून वर्गणी काढली असती. अजूनही काढू.

म्हणून माझी आणि मला पाठिंबा देणाऱ्या पालकांची मागणी अशी आहे. यंदाचं शिबिर रद्द न करता मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. ४ रात्री शक्य नसतील तर ३ घ्या, पण रात्री हव्यात. १ जूनला मासेमारी बंद होते आणि पाठोपाठ पाऊस येतो, म्हणून त्याच्या आत. शिबिराच्या समितीत आठवी ते बारावीतले दोन मुलगे आणि दोन मुली घ्या, नुसतं बसायला नाही, मत द्यायला. सुरक्षेचे नियम लिहून चर्चच्या फलकावर लावा. शिबिराच्या तारखा दरवर्षी जानेवारीतच ठरवा आणि त्या दिवसांत शेड भाड्याने देऊ नका. पैशांअभावी एकही मूल मागे राहू नये, आणि जमाखर्च शिबिरानंतरच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचा. हे जमणार नसेल तर कौन्सिलने पालकांची आणि मुलांची एक खुली बैठक बोलवावी आणि का जमणार नाही ते समोर बसून सांगावं. आम्ही ऐकून घेऊ.

येत्या रविवारी मिस्सानंतर मी ऑफिससमोर थांबणार आहे. माझ्याबरोबर काही पालक असतील आणि मुलंही. मुलांनी स्वतःचं वेगळं पत्र लिहिलं आहे, ते मी वाचलेलं नाही, तेच तुमच्या हातात देतील.

शिबिराचे दोन मोठे टोप, झारे, परात आणि खोवणी गेल्या वर्षीपासून माझ्याच घरी आहेत. काल टोप घासून उन्हात पालथे घातले. मोबाइलच्या पिशव्या मुलाने मोजल्या, फाटलेल्या ८ निघाल्या. त्या मी शिवायला घेतल्या आहेत.

आपली विश्वासू,
धर्मग्रामातील एक आई